‘म’पासून पुढे

बीदर
१२ नोव्हेंबर १९९५

चि. संगमेश,

काल संध्याकाळी पोचलो. उदगीरला गाडी बदलावी लागली, एवढाच त्रास. कावेरी वाटभर झोपली. अव्वानं नातीसाठी दिलेल्या करंज्यांतल्या निम्म्या मोडल्या होत्या. मोडलेल्या आधी संपल्या.

पाडवा झाल्यावर अप्पांनी दुकानाच्या मागच्या खोलीत चटई टाकायला सांगितली, रामकिसनकाकांना आणि चंद्रभागाबाईंना बोलावणं धाडलं आणि माळ्यावरून तो कोश काढला, हे अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या लग्नानंतर खेळ बंदच पडला होता ना? टीव्ही आल्यापासून कोणी बसत नाही, असं तूच म्हणालास. मग अप्पांना एकाएकी कसं आठवलं? मी विचारलं तर नुसते हसले.

इथं आल्यावर कावेरीला खेळ समजावून सांगितला. तिच्या वडिलांनाही तो नीट ठाऊक नव्हता. म्हटलं, आमच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. एकदा त्या रद्दीत मराठी शब्दांचा जाडजूड कोश आला. कोणाच्या लक्षात येईपर्यंत त्याची अर्धी पानं हळद, जिरं, ओवा घेऊन गावात गेली होती. अप्पांनी तो उचलून ठेवला तेव्हा वरचं पान ‘म’चं होतं. ‘भ’पर्यंतचे सगळे शब्द कडा गावच्या बायकांनी चुलीत घातले, असं अप्पा म्हणायचे.

मग बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाईक नसायचं तेव्हा, आपण बसायचो. एकानं पान धरायचं आणि कोणाला माहीत नसलेला शब्द काढायचा. बाकीच्यांनी त्याचा खोटा अर्थ रचून पान धरणाऱ्याच्या कानात सांगायचा. तो खऱ्या अर्थासकट सगळे अर्थ एका सुरात म्हणून दाखवायचा. मग ज्याला जो खरा वाटेल त्यावर त्यानं शेंगा ठेवायच्या. खोटा अर्थ जिंकला तर आठवडाभर घरात तोच खरा धरायचा.

कावेरीला मी माझ्या निबंधाची गोष्टही सांगितली. ‘शाद्वल’ म्हणजे हिरवळीची जागा. अप्पांनी सांगितलं होतं, पाहुणा गेल्यावर घरात उरते ती शांतता. मी सहावीत लिहिलं, ‘मामा गाडीत बसले आणि आमच्या घरात शाद्वल पसरले.’ वर्गावर चंद्रभागाबाईच होत्या. त्यांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली, थोडा वेळ पाहत बसल्या आणि मार्क कापले नाहीत.

इथं घरात सगळं कन्नड. बाहेर कन्नड किंवा उर्दू. मराठी मी तुझ्या पत्रांपुरती बोलते. दर खेळाचं थोडं थोडं लिहीत जा.

तुझी
अक्का


कडा
३ डिसेंबर १९९५

अक्का,

नमस्कार. खेळ चालू आहे. तू गेल्यापासून एकदाही चुकला नाही. अप्पा स्वतः निरोप धाडतात. रामकिसनकाका शेतातून चिखलाच्या पायांनी येतात आणि अव्वा त्यांना दारातच पाणी देते.

परवा ‘मंदुरा’ निघाला. काका म्हणाले, मंद चालणारी गाभण शेळी. बाईंनी सांगितलं, पुजाऱ्याची झोपायची खोली. अप्पांचा अर्थ होता, जिचं पाणी फक्त पाहुण्याला देतात ती विहीर. खरा अर्थ घोड्यांचा तबेला. कोणालाच पटला नाही. सगळ्या शेंगा अप्पांच्या विहिरीत गेल्या. काका चिडून अप्पांना म्हणाले, “कल्याण्या, तुझ्या बापानं बांधली होती का रे असली विहीर? आमाला तर कधी पानी न्हाई पाजलं.”

अप्पांनी आणखी एक चाल काढली आहे. कोशातला शब्द लागतच नाही. रोजच्या शब्दालाच नवा अर्थ देतात. सावित्रीबाई तेलाला आल्या होत्या. अप्पा मला म्हणाले, “यांना पावशेर पाऊस दे.” मी बघतच राहिलो. त्यांनी बोट केलं ते तेलाच्या डब्याकडे. सावित्रीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, “द्या मालक, यंदा तेवढा तरी पडू द्या.” आता गावात तेलाला पाऊसच म्हणतात. माणसं मुद्दाम आपल्या दुकानावरून जातात.

एरवी दुकानात फार राम नाही. लोकांना टीव्हीत दिसतं ते पाहिजे. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दारात टांगल्या आहेत. त्यांच्यावरची नावं अप्पांना खेळाला घ्यायची होती, पण बाई म्हणाल्या, “त्यांचा खरा अर्थ कोणाला ठाऊक आहे? पान कोण धरणार?”

अप्पा लई रंगात आहेत. काळजी नसावी.

तुझा
संगमेश


बीदर
२८ डिसेंबर १९९५

चि. संगमेश,

‘पावशेर पाऊस’ मी यांना जेवताना सांगितलं. हे जेवायचे थांबले. म्हणाले, तुझ्या वडिलांनी दुकान काढायला नको होतं. आता आमच्याकडेही तेलाला पाऊस म्हणतात. सासूबाईंना कन्नडमध्ये समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, तुमच्या मराठवाड्यात पाणीच नाही, म्हणून असली भाषा सुचते.

एक तक्रार आहे. अप्पांची चार ओळींची का होईना, महिन्याला चिठ्ठी असायची. दिवाळीपासून एकही नाही. खेळात एवढे रमले का? मला त्यांच्या हातचे नवे अर्थ पाहिजेत. तू लिहितोस ते दुकानदाराच्या मराठीत लिहितोस. रागावू नकोस.

कावेरीनं आजोबांना एक शब्द पाठवला आहे, ‘हेषा’. शाळेच्या संस्कृतच्या पुस्तकात तिला सापडला. खरा अर्थ घोड्याचं खिंकाळणं. तो तू पाहिलास, आता तू खेळायचं नाहीस. अप्पांना फक्त शब्द सांग.

अक्का


कडा
२१ जानेवारी १९९६

अक्का,

‘हेषा’ सांगितला. अप्पांनी हातातली शेंग सोलली. मग म्हणाले, “उलटी पायरी.” एवढंच. आम्हाला काही कळलं नाही. रामकिसनकाका म्हणाले, “आता कल्याणराव कोशाच्या फुडं गेले. आपल्या आवाक्यात न्हाईत.” शेंगा त्यांनाच दिल्या.

चिठ्ठीचं मी म्हटलं त्यांना. पोस्टकार्ड पुढं ठेवलं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि परत माझ्याकडं दिलं. “तूच लिही.” तुमच्या लेकीला माझं मराठी चालत नाही म्हटलं, तर हसले आणि उठून गेले. म्हातारपणाचा आळस आहे. पानही आता ते धरत नाहीत. आपली पाळी आली की कोश काकांच्या मांडीवर ठेवतात. काका अक्षराखाली बोट फिरवत वाचतात. त्यांचा एक शब्द होईस्तोवर बाईंची डुलकी काढून होते.

संक्रांतीची गंमत सांगतो. गल्लीतली पोरं तिळगुळाला आली. अप्पा म्हणाले, “तिळगूळ घ्या आणि,” आणि थांबले. पोरं हात पसरून उभी. मग म्हणाले, “आणि मोठ्यानं बोला.” पोरांना तेवढंच पाहिजे होतं. दिवसभर गल्लीत एकेक जण घसा फाटेपर्यंत ओरडत होतं. कोणी दटावलं की म्हणायची, कल्याणअप्पांनी सांगितलंय.

कारखान्याचा हंगाम जोरात आहे. उसाच्या ट्रकांनी रस्ता भरलेला असतो. अव्वाचे गुडघे दुखतात. बाकी ठीक.

संगमेश


बीदर
१५ फेब्रुवारी १९९६

चि. संगमेश,

‘उलटी पायरी’ मला आवडलं. घोडा खिंकाळतो तेव्हा आवाज वरून खाली उतरतो, पायऱ्या उतरल्यासारखा. अप्पांना खरा अर्थ ठाऊक असणार. त्यांनी तो सोंगानं सांगितला, असं मी कावेरीला म्हटलं. तिला फार अभिमान वाटला.

मे महिन्यात परीक्षा संपल्या की येते. चटईवर माझी जागा कोणाला देऊ नका.

अक्का


कडा
१९ मार्च १९९६

अक्का,

हे पत्र बसून वाच. अप्पा घरी आहेत, चालते-फिरते आहेत. आधी तेवढं सांगतो.

शुक्रवारी अप्पा बीडला बारशाला गेले होते. मी दुकानामुळं गेलो नाही. दुपारचं जेवण करून ते परत निघाले आणि प्रवासी जीपमध्ये बसले. पुढचं मला त्याच जीपमध्ये बसलेल्या एका बाईकडून कळलं. जीपवाल्यानं विचारलं, “बाबा, कुठं?” अप्पा म्हणाले, “गूळ.” तो म्हणाला, “गाव सांगा, गाव.” अप्पा पुन्हा म्हणाले, “गूळ.” जीपमधली माणसं हसायला लागली. तिसऱ्यांदा विचारलं, तरी तेच. जीपवाल्याला वाटलं, म्हातारा पिऊन आला आहे किंवा टिंगल करतो आहे. वाटेत पाली गाव आल्यावर त्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, “उतरा. गुळाच्या गावाला दुसरी गाडी बघा.”

अप्पा उतरले. भांडले नाहीत.

तिथल्या चहावाल्यानं त्यांना बाकड्यावर बसवलं. त्यांच्याकडं आपल्या दुकानाची कापडी पिशवी होती. तिच्यावर कडा छापलेलं आहे. चहावाल्यानं उसाच्या रिकाम्या ट्रकबरोबर निरोप धाडला. मी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तिथल्या धरणाकडून वारा सुटला होता आणि अप्पा पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडं बघत बसले होते.

मला राग आला होता, अक्का. मी म्हटलं, “अप्पा, खेळाला काही जागा असते की न्हाई? गाव कावून सांगितलं न्हाई?”

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग मिटले. मग पिशवीवर छापलेल्या अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

त्यांना कडा म्हणता येत नव्हतं.

उद्या बीडला डॉक्टरांकडं नेतो.

संगमेश


बीदर
२५ मार्च १९९६

चि. संगमेश,

पत्र मिळाल्यापासून मी एकच गोष्ट मनात उलटीसुलटी करते आहे. दिवाळीत खेळ कोणी सुरू केला? तू नाही, मी नाही, काका नाहीत. अप्पांनी. इतक्या वर्षांनी.

शब्द त्यांना तेव्हाच सापडेनासे झाले होते. दुकानात, रस्त्यात, बारशाला, कुठंही चुकीचा शब्द म्हणजे चूक. त्या चटईवर तो डाव. म्हणून त्यांनी चटई टाकायला सांगितली. म्हणून पान धरत नाहीत, कारण खरा अर्थ वाचून दाखवावा लागतो. म्हणून चिठ्ठी नाही. ते आपल्यात लपले होते, आणि आपण त्यांना शेंगा देत होतो.

मला हे आधी कळायला हवं होतं. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा मला कन्नड येत नव्हतं. सासूबाई पहिल्याच सकाळी म्हणाल्या, ‘मोसरु’ आण. म्हणजे दही. मी पाट नेला. सगळे हसले. मीही हसले, गंमत केल्यासारखी. मग वर्षभर तेच केलं. कळलं नाही की हसायचं, काहीतरी भलतंच आणायचं. घरात नाव झालं, सून मोठी विनोदी आहे. संध्याकाळी मला थकवा यायचा तो कामाचा नसायचा.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव. आणि संगमेश, खेळ बंद करू नकोस. काहीही झालं तरी.

अक्का


कडा
४ एप्रिल १९९६

अक्का,

डॉक्टर म्हणाले, दिवाळीच्या आधीच कधीतरी मेंदूला लहानसा झटका येऊन गेला असणार. हातपाय शाबूत राहिले म्हणून कोणाला कळलं नाही. अप्पांना समजतं सगळं. वस्तू डोळ्यांपुढं असते, नाव भलतंच येतं. गोळ्या चालू ठेवा, त्यांना बोलतं ठेवा. पुन्हा झटका आला तर आहे तेही जाईल. कधी येईल, येईल की नाही, ते सांगता येत नाही.

खेळ मी बंद केला आहे. कोश पोत्यात घालून माळ्यावर टाकला. काकांना आणि बाईंना सांगितलं, येऊ नका.

तू तिथं बसून लिहितेस, बंद करू नकोस. इथं काय होतं ते तुला माहीत नाही. पालीची गोष्ट गावात पसरली. अप्पा हॉटेलवरून गेले की आतून कोणीतरी ओरडतं, “पावशेर पाऊस!” ज्या माणसाला सगळं गाव अदबीनं हाक मारायचं त्याला आता नाक्यावरची माणसं ‘गुळाचं गाव’ म्हणतात. त्यांना सगळं समजतं, अक्का. तूच वाच डॉक्टरांचं म्हणणं.

आणि तो पाऊस मीच गावभर सांगितला होता. तुलाही मीच लिहिला. तू तो बीदरात नेलास.

अप्पा आता बोलत नाहीत. काही पाहिजे असलं तर अव्वाकडं बघतात. दुकानात बसतात, माल मी देतो. त्यांनी तोंड उघडलं की मी आधीच विचारतो, पाणी पाहिजे? पंखा? चष्मा? ते मान हलवतात. चूक होत नाही. कोणी हसत नाही. हेच बरं आहे.

मे महिन्यात येशील तेव्हा बोलू.

संगमेश


बीदर
१० जून १९९६

चि. संगमेश,

येताना तुझ्याशी भांडून आले. ते सोडून दे, मीही सोडलं.

सुट्टीभर राहिले आणि अप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. कावेरीशी नाही, जावयांशी नाही. मी त्यांच्या पायांशी बसायचे, ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. एवढंच. नारायणगडाला गेलो तेव्हा पायऱ्यांवर ते दम खायला थांबले. समोर पाहून त्यांचे ओठ हलले. काहीतरी सांगायचं होतं. मी वाट पाहत होते. तेवढ्यात तू म्हणालास, “पाणी पाहिजे का अप्पा?” त्यांनी मान हलवली. पाणी प्याले. तहान नव्हती त्यांना.

तुला दोष देत नाही. त्या पायऱ्यांवर तू नसतास तर मीच ते विचारलं असतं. आपण सगळे त्यांच्या आधी बोलतो. त्यांच्यावर कोणी हसू नये म्हणून आपण त्यांचा शब्द त्यांच्या तोंडातून काढून घेतो. ते देतातही.

मला भीती एकाच गोष्टीची वाटते. पुन्हा झटका येईल, तेव्हा त्यांच्याकडे असलेले चुकीचे शब्दही जातील. आणि ते त्यांनी वापरलेच नसतील. मला त्यांचा बरोबर शब्द नको आहे, संगमेश. चुकीचा चालेल. पण माझ्याशी बोललेला पाहिजे.

हे शेवटचं सांगते. यापुढं तुला त्रास देणार नाही.

अक्का


कडा
१४ जुलै १९९६

अक्का,

तुझ्या पत्राला उत्तर लिहिलं नाही. आता लिहिण्यासारखं झालं आहे.

गेल्या आठवड्यात, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, रामकिसनकाका दुकानात आले. मी म्हटलं, “काका, खेळ बंद हाय.” म्हणाले, “मी खेळायला न्हाई आलो. मी माझ्या दोस्ताकडं आलोय. तू तुझी मिरची जोख.” आणि सरळ मागच्या खोलीत गेले. चटई स्वतःच ओढली. थोड्या वेळानं चंद्रभागाबाईही आल्या. दोघांनी ठरवून केलं असणार.

मी पडद्याआडून बघत होतो. काका एकटेच बोलत होते. पेरणी, सोसायटी, कोणाची सून कशी. अप्पा गप्प. बऱ्याच वेळानं अप्पा म्हणाले, “नांगर.”

कित्येक महिन्यांनी आवाज ऐकला. मी आत जायला निघालो. बाईंनी हात करून मला थांबवलं.

काका म्हणाले, “नांगर? माझा का? मोडलाय तो.” अप्पांनी जीभ टाळ्याला लावून ‘च्यक’ केलं. “मग तंबाखू पायजे?” च्यक. “पान्याचा तांब्या?” च्यक. काका लाल झाले. “आरं मग सांग की बे नीट! नांगर, नांगर, काय नांगर?” त्यांच्यावर असं कोणी ओरडलं नव्हतं इतक्या दिवसांत. आम्ही सगळे हळू बोलायचो. अप्पांचा चेहरा खुलला. ते ताठ बसले आणि जोरात म्हणाले, “नांगर!”

बाई म्हणाल्या, “खिडकी. खिडकी लावा म्हणतायत. डोळ्यांवर ऊन येतंय.”

अप्पांनी दोन्ही हात वर केले.

काकांनी खिडकी लावली आणि येऊन म्हणाले, “हे न्हाई चालायचं. मास्तरीण बाईनं आयत्या वेळी मारलं. शेंगा आन रे संगमेश. दुसरा शब्द काढ, कल्याण्या.”

मी शेंगा आणल्या.

आता असा खेळ चालतो. शब्द अप्पा काढतात. अर्थ फक्त त्यांना ठाऊक असतो. आम्ही सगळ्यांनी ओळखायचा. ओळखला तर शेंगा, नाही तर अप्पा खातात. काका रोज हरतात आणि रोज भांडतात. अव्वा कधी खेळली नव्हती, आता दारात बसून चुकीचं सांगते. मीही बसतो. पहिल्या दिवशी सवयीनं विचारलं, “पाणी पाहिजे?” तर काका म्हणाले, “ए, पाळी तुझी न्हाई.”

काही शब्द दिवसभर ओळखता येत नाहीत. तेव्हा अप्पा चिडतात. एकदा रडलेही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतात.

मला वाटतं, तू आलीस तेव्हाच हे व्हायला पाहिजे होतं. पण झालं नाही.

संगमेश


कडा
२५ ऑगस्ट १९९६

अक्का,

घाईत लिहितो. काल तुमच्या कापडाच्या दुकानावर फोन आला तो अप्पांचाच हट्ट होता. सकाळपासून माझी बाही ओढून नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथकडं दाखवत होते. मी म्हटलं, फोनवर अक्काला तुमचे हात दिसणार नाहीत, चेहरा दिसणार नाही, कसं कळेल? ऐकेनात. दाजींनी तुला बोलावून आणेपर्यंत रिसीव्हर दोन्ही हातांत धरून उभे होते. मला त्यांनी बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

काचेतून दिसत होतं तेवढं सांगतो. काहीतरी एकच शब्द म्हणत होते. ऐकत होते. मान हलवत होते. पुन्हा तोच शब्द. पुन्हा मान. मग हसायला लागले. इतके हसले की बूथवाला उठून उभा राहिला. बाहेर रांग लागली होती. मी काच वाजवली तरी ठेवेनात.

वाटभर हसत आले. विचारलं तर सांगत नाहीत. काका म्हणतात, आमचा शब्द बीदरला पळवला. अव्वा मला सोडत नाही. काय बोललात?

संगमेश


बीदर
२ सप्टेंबर १९९६

चि. संगमेश,

हे फोनचा रिसीव्हर माझ्या हातात देऊन बाजूला झाले. दुकानात गिऱ्हाईक होतं, लुगडी पसरलेली होती. मी म्हटलं, अप्पा? आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, “सुतळी?”

मी गिऱ्हाइकाकडे पाठ केली. ते पुन्हा म्हणाले, “सुतळी?”

मी विचारलं, “जेवलीस का, म्हणताय?” च्यक. “कावेरीचा अभ्यास?” च्यक. “इथं पाणी आलं का?” च्यक. “सासूबाईंचं दुखणं?” च्यक. दर वेळी ते तोच शब्द आणखी सावकाश म्हणायचे, शाळेत मंद पोराला सांगावं तसं. मी म्हटलं, “जावई जाड झालेत का, असं विचारताय ना?” समोर हे चमकून बघायला लागले. तिकडे आवाज थांबला. मग ते हसायला लागले, आणि मग मीही. लुगडं घ्यायला आलेली बाई न घेताच गेली.

अव्वाला सांग. तुलाही सांगते. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. गाडीत बसवून दिलं की खिडकीशी येऊन ते विचारायचे, “आता कधी?” दर वेळी, त्याच सुरात. शब्द दुसरा होता. सूर तोच होता.

पण मी ते ओळखलं असं म्हटलं असतं, तर उत्तर द्यावं लागलं असतं. आणि उत्तर मिळालं की अप्पा ‘बरं’ म्हणून फोन ठेवतात, तुला माहीत आहे. म्हणून मी खोटे अर्थ सांगत राहिले. जावयांच्या जाडीला पोचले तेव्हा त्यांनी मला पकडलं. पकडल्यावरही ते ‘सुतळी’ म्हणतच राहिले. ठेवायचा त्यांनाही नव्हता.

दसऱ्याला येतो आहोत. यांनी चार दिवस दुकान बंद ठेवायचं ठरवलं आहे. पण एवढ्यात त्यांना सांगू नकोस. पुढच्या रविवारी त्यांना पुन्हा बूथवर ने. ते पुन्हा विचारतील.

शब्द कदाचित वेगळा असेल.

तुझी
अक्का